नऊ नंबरचा माणूस गेला कुठं?

पत्रिकेत माझा विषय 'हंगेरीचा फुटबॉल का बुडाला' असा छापलाय. विषय मीच दिला होता, तेव्हा तक्रार नाही. पण बुडायच्या आधी काहीतरी तरंगावं लागतं. म्हणून दहा मिनिटं तरंगण्याबद्दल बोलतो आणि मग मूळ विषयाकडं येतो. दहाच. अध्यक्षांनी मनगटातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं मी बघितलंय.

विश्वचषक आला की आपल्या कोल्हापुरात दोनच देश उरतात, ब्राझील आणि अर्जेंटिना. एका गल्लीत पिवळे झेंडे, पुढच्या गल्लीत निळे-पांढरे, आणि मधे राहणाऱ्या माणसानं गॅलरीत कपडे वाळत घालतानासुद्धा रंग बघायचे. मी हंगेरीचा. आमच्या गटाची सभासदसंख्या एक. वर्गणी थकलेली नाही.

हंगेरीच का, असं लोक विचारतात. एक तर ही माणसं आपल्यातली वाटतात. ते आडनाव आधी लावतात, नाव नंतर. पुश्काश फेरेन्त्स, बोझिक योझेफ. शाळेचा हजेरीपट वाचल्यासारखं वाटतं, आणि मी तीस वर्षं हजेरीपटच वाचला. दुसरं म्हणजे त्यांची आडनावं. गावाच्या नावाला 'इ' जोडला की त्या गावचा, म्हणजे आपला 'कर'. बुदई म्हणजे बुदाकर. हिदेगकुती म्हणजे थंडविहीरकर. कोचिश हा गाडीवान आणि पुश्काश बंदूकवाला. बंदूकवाला नाव मात्र वडिलांनी मागून घेतलेलं, घराणं मूळचं जर्मन आडनावाचं. आणि संघाला त्यांच्या भाषेत काय म्हणतात माहीत आहे? 'चॉपॉत'. आपल्या कानाला सरळ 'चपत' ऐकू येतं. १९५० ते ५६ या काळातल्या त्यांच्या संघाचं नावच 'सोनेरी चॉपॉत'. ती चपत कुणाला बसली, ते सांगतो.

त्याआधी एक जर्सीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. निदान मला तरी तिच्यामुळंच कळलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या पेठेच्या संघानं वर्गणी काढून नव्या जर्सी शिवायला टाकल्या. त्या वेळी आकडे कापडाचे कापून पाठीवर शिवायचे. मी लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीतला डावीकडचा, माझा नंबर सहा. शिंप्यानं मॅचच्या दिवशी सकाळी गठ्ठा दिला. घालून बघतोय तर माझ्या पाठीवर नऊ. इंग्रजी सहा उलटा शिवला की नऊच होणार! शिंपीदादा म्हणाले, "शर्ट उलटा घाल की." आता शर्ट उलटा घातला तर डोकं कुठनं काढायचं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. उसवायला वेळ नव्हता. शाहू स्टेडियमवर आम्ही दोन नऊ घेऊन उतरलो.

समोरच्या संघाचा स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा, हा तालमीतला गडी, मान आणि खांदा यांच्यामधे जागाच नाही. त्याला त्यांच्या वस्तादांनी सांगून ठेवलेलं, नऊला, म्हणजे सगळ्यात पुढं राहून गोल मारणाऱ्याला, सोडायचं नाही. आता नऊ नंबरचा मी मागं, सेंटर लाइनच्याही अलीकडं. तो आला की माझ्यामागं! मी डावीकडं गेलो की तो डावीकडं. मी बुटाची नाडी बांधायला बसलो तर तो शेजारी कमरेवर हात ठेवून उभा. तिकडं त्यांच्या गोलसमोर एवढं मोठं मैदान मोकळं, आणि आमचा खरा नऊ तिथं एकटाच. पहिल्या वीस मिनिटांत आमचे दोन गोल. वस्ताद बाहेरून ओरडतायत, "आरं नऊला धर!" आणि हा आतून ओरडतोय, "धरलाय की!"

हाफटाइमला रेफरीच्या लक्षात आलं. मी जर्सीवर चुलतभावाचा बनियन चढवून उतरलो आणि आम्ही तीन-दोन असे हरलो. शिलाई पूर्ण द्यावी लागली.

त्यानंतर काही वर्षांनी लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेल्या इंग्लंड-हंगेरी मॅचबद्दल वाचलं आणि मी खुर्चीत ताडकन उठून बसलो. म्हटलं, ही तर आपलीच मॅच. फक्त हंगेरीनं सहा उलटा शिवलेला नाही, नऊलाच समजून-उमजून मागं ठेवलंय.

२५ नोव्हेंबर १९५३. लाखाच्या वर प्रेक्षक. युरोपच्या मुख्य भूमीवरचा कुठलाही संघ तोवर इंग्लंडला इंग्लंडात हरवू शकलेला नव्हता. आयर्लंडनं १९४९ मध्ये लिव्हरपूलला हरवलं होतं, पण इंग्रज तो पराभव घरगुती धरायचे. हंगेरी हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिकची विजेती. फायनलला त्यांनी युगोस्लाव्हियाला दोन-शून्य हरवलं. याच युगोस्लाव्हियानं त्याच स्पर्धेत आपल्याला दहा-एक हाणलं होतं, आपले बहुतेक गडी अनवाणी खेळत होते. तेव्हा हिशोब लावा. मी गणिताचा मास्तर, पण हा हिशोब लावताना माझा हात थरथरतो.

त्या काळी इंग्लंडात पाठीवरचा आकडा म्हणजे नोकरीचा हुद्दा. पाच नंबर स्टॉपर. नऊ नंबर सेंटर फॉरवर्ड. पाचनं नऊला धरायचं, विषय संपला. हंगेरीचा नऊ म्हणजे हिदेगकुती नांदोर, आपला थंडविहीरकर. वय ३१, फुटबॉलच्या हिशोबानं उतारवयच. तो पुढं थांबायचाच नाही. मागं हाफच्या जागेवर यायचा, तिथनं बॉल वाटायचा, आणि कुणाचं लक्ष नसताना पुढं घुसायचा. बुडापेस्टच्या एमटीके क्लबात प्रशिक्षक बुकोवी मार्तोन यांनी ही चाल बसवली होती. इंग्लंडचा पाच नंबर हॅरी जॉन्स्टन. त्यानं करायचं काय? हिदेगकुतीच्या मागं गेला तर मधे खिंडार, तिथून कोचिश आणि पुश्काश आत. जागेवर थांबला तर हिदेगकुती मोकळा. आमच्या पैलवानासारखीच गत, फरक एवढाच की याच्या वस्तादांनाही उत्तर माहीत नव्हतं. पहिल्याच मिनिटात हिदेगकुतीनं बॉक्सच्या तोंडावरून गोल मारला. दिवसभरात त्याचे तीन झाले. जॉन्स्टन त्यानंतर इंग्लंडकडून पुन्हा खेळला नाही.

तिसरा गोल सावकाश सांगतो. अध्यक्षांनी कृपया घड्याळाकडं बघू नये. चोविसावं मिनिट. बॉल उजव्या विंगेतून आत आला. दिला कुणी? अकरा नंबरच्या त्सिबोरनं, म्हणजे डाव्या विंगेच्या माणसानं. तो उजवीकडं काय करत होता, हे इंग्लंडच्या बॅकला अजून कळलेलं नसेल. गोलच्या उजव्या अंगाला, अगदी जवळ, पुश्काश. बुटका, पोट सुटलेला, उजवा पाय जवळपास चालण्यापुरताच. इंग्लंडचा कॅप्टन बिली राइट अंग झोकून घसरत आला. पुश्काशनं डाव्या पायाचा तळवा बॉलवर ठेवला आणि बॉल मागं ओढला. तव्यावरची भाकरी बोटांनी जरा अलीकडं सरकवतात ना, तेवढंच. राइट घसरत पुढं निघून गेला आणि बॉल वरच्या जाळीत. 'टाइम्स'च्या वार्ताहरानं लिहिलं की राइट भलत्याच आगीकडं धावणाऱ्या बंबासारखा गेला. आपल्याकडं पोरं हे रोनाल्डिन्होनं काढलंय म्हणून सांगतात. सांगू देत.

सहा-तीन. सहा महिन्यांनी इंग्लंड परतफेड करायला बुडापेस्टला गेलं आणि सात-एक खाऊन परत आलं.

यातली खरी गंमत सांगतो. हंगेरीला पासचा खेळ शिकवण्यात एका इंग्रजाचाच मोठा हात. जिमी होगन, लँकेशरचा. पहिल्या महायुद्धात शत्रुदेशाचा नागरिक म्हणून अडकून पडला आणि बुडापेस्टला एमटीकेच्या पोरांना शिकवत बसला. मायदेशी त्याचं कुणी ऐकलं नाही. वेम्बलीच्या त्या दिवशी म्हातारा होगन स्टँडमधे बसून मॅच बघत होता. मॅचनंतर हंगेरीच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणाले की आम्हाला सगळं होगननी शिकवलं. गावातल्या मास्तराची किंमत गावाला नसते, असं मी म्हणणार नाही. माझे काही विद्यार्थी समोर बसलेत.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' आमची दहा मिनिटं कुठं गेली कुणास ठाऊक. बरं, मूळ विषय.

बर्न, ४ जुलै १९५४, विश्वचषकाची फायनल. मे १९५० मध्ये ऑस्ट्रियाकडून हरल्यानंतर हा संघ हरलेला नव्हता. पश्चिम जर्मनीला त्यांनी गटात आठ-तीन मारलेलं. तिथंच पुश्काशच्या घोट्यावर लाथ बसली, तरी फायनलला तो उतरला. आठव्या मिनिटाला दोन-शून्य. अठराव्या मिनिटाला दोन-दोन. पाऊस, चिखल, जर्मनांच्या बुटांना अदलाबदल करता येणारे लांब स्टड, म्हणजे तळव्याचे खुंट. ८४ व्या मिनिटाला हेल्मुट रान, तीन-दोन. शेवटी पुश्काशनं मारलेला गोल ऑफसाइड दिला. यावर मी वेगळं व्याख्यान देऊ शकतो. बुडापेस्टला लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढं गोलकीपर ग्रोशिचला देशद्रोहाच्या संशयावरून धरलं.

मग १९५६. लोक म्हणतात, रशियाचे रणगाडे आले आणि संघ फुटला. खरं आहे, पण अर्धं. सरकारनं १९४९ मध्ये बुडापेस्टच्या किश्पेश्त भागातला क्लब लष्कराच्या ताब्यात दिला, नाव होनवेद, आणि चांगले चांगले खेळाडू तिथं गोळा केले. पुश्काश मेजर झाला तो असा. राष्ट्रीय प्रशिक्षक शेबेश गुस्ताव हे उपमंत्री. रोज एकत्र खेळणारी पोरं, म्हणून ती जागा बदलू शकायची, त्याला आकडा लागायचा नाही. पण सगळी अंडी एका टोपलीत. रशियाच्या सत्तेविरुद्धचा उठाव चिरडला गेला तेव्हा ती टोपली परदेशात होती. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर परत गेले नाहीत. पुश्काशनं १९६० च्या युरोपियन कपच्या फायनलला रेआल माद्रिदकडून चार गोल मारले. कोचिश आणि त्सिबोर बार्सेलोनाला. हंगेरीकडून ८५ सामन्यांत ८४ गोल मारलेला पुश्काश १९६२ च्या विश्वचषकात स्पेनकडून खेळला.

आता माझा मुद्दा, घाईत. तरीही हंगेरी लगेच बुडाली नाही. १९६४ आणि ६८ ला ऑलिंपिकचं सुवर्ण, १९६६ ला ब्राझीलवर तीन-एक, ६७ ला फ्लोरियान आल्बर्ट युरोपचा सर्वोत्तम खेळाडू. रणगाड्यांनी खेळाडू नेले, पण खरा तोटा शिकवणाऱ्यांचा, आणि तो आधीपासून चालू होता. हंगेरीचे प्रशिक्षक बेला गुटमान घ्या. होनवेदबरोबर १९५७ मध्ये ब्राझीलला गेले, तिथंच साओ पाउलोचे प्रशिक्षक झाले, त्याच वर्षी राज्याची स्पर्धा जिंकली. पुढल्या वर्षी ब्राझील चार-दोन-चार, म्हणजे चार बचावाला, दोन मधे, चार पुढं, असं खेळून विश्वविजेता. त्याचं श्रेय एकट्या गुटमानना देणं चूक आहे, ब्राझीलवाल्यांनी स्वतःही ती चाल घडवत आणली होती. पण पिवळ्या झेंड्याच्या मंडळींनी कापडाच्या आतली शिवण एकदा उलटून बघावी. घरी काय उरलं? आठवणी, आणि प्रत्येक नव्या पोराला पुश्काशच्या फुटपट्टीनं मोजायची सवय. १९८६ ला मेक्सिकोत सोव्हिएत संघाकडून सहा-शून्य. त्यानंतर विश्वचषक नाहीच.

'दोन मिनिटे.' दिसतंय.

जून २०२२, वुल्व्हरहॅम्प्टन क्लबचं मोलिन्यू मैदान. हंगेरीनं इंग्लंडला चार-शून्य मारलं. मोलिन्यूच्या बाहेर बिली राइटचा पुतळा आहे, तो त्याच क्लबचा. मी ती मॅच एकट्यानं बघितली आणि रात्री सव्वादोनला आमच्या गटाची विजयी मिरवणूक स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली.

आणि नोव्हेंबर २०२५. बुडापेस्ट, मैदानाचं नाव पुश्काश अरेना. आयर्लंडशी नुसती बरोबरी झाली असती तरी विश्वचषकाची आशा जिवंत राहत होती. हंगेरीनं दोनदा आघाडी घेतली. ९६ व्या मिनिटाला ट्रॉय पॅरटनं त्याचा तिसरा गोल मारला. स्कोअर तीन-दोन. बर्नचाच. अध्यक्ष उठलेत, मी बसतो.