चेहरा दिसतो, पण माणूस ओळखू येत नाही
नमस्कार मंडळी. आमची आत्या नौपाड्यात राहते. तिला स्ट्रोक येऊन गेला, मेंदूच्या मागच्या बाजूला, हातपाय ठीक, बोलणं ठीक, म्हणून सगळे म्हणाले सुटली बिचारी. पण दिवाळीला मी गेलो तर दार उघडून माझ्याकडे बघतच राहिली, कोण पाहिजे तुम्हाला? मी म्हटलं, अगं आत्या मी! आवाज ऐकला मात्र, लगेच म्हणाली, अरे तू होय, ये ना आत.

घरच्यांना वाटलं विसरायला लागली. चष्मा बदलून झाला, नंबर तोच. डोळे चांगलेच होते हो, डोळा चित्र पाठवतो पण ते ओळखायचं काम मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात होतं, आणि तिथलाच रक्तपुरवठा तुटला होता. फक्त चेहरे ओळखू न येणं याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात, हे नाव 1947 मध्ये बोडामर या जर्मन डॉक्टरांनी दिलं. काहींना जन्मापासूनच असतं, ते लोक चालण्यावरून, केसांवरून माणूस ओळखतात आणि गर्दीत न बोलता पुढे गेले की शिष्ट ठरतात, हे मला फार लागतं.

काहींना वस्तूही कळत नाहीत. किल्ली समोर ठेवली तर लांबट काहीतरी आहे म्हणतील, हातात दिली की लगेच किल्ली! 1988 मध्ये एका बाईला आंघोळ करताना गॅस गिझरच्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने असंच झालं. समोरची फट आडवी की उभी ते तिला सांगता येईना, पण त्यात कार्ड टाक म्हटलं की हात बरोबर वळायचा, म्हणजे ओळखायचा रस्ता वेगळा आणि हाताला दाखवणारा वेगळा. आपल्या ठाण्यातही कितीतरी बाथरूममध्ये गॅस गिझर आहेत, कृपा करून खिडकी उघडी ठेवा, आजच.

आणि हे अचानक झालं, सकाळी धड होतं आणि दुपारी माणसं ओळखू येईनात, तर झोपून बरं वाटेल म्हणू नका, तडक हॉस्पिटल गाठा. हा स्ट्रोक असू शकतो, आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

अशा माणसाला 'ओळख बघू मी कोण' असं कधीच विचारू नका, त्याची परीक्षा घेऊ नका. आत्याकडे आता आम्ही बेल वाजवली की आधी नाव सांगतो. दूधवाला तर जिन्यातूनच हाक मारतो. गावदेवी मार्केटात ती मेथी-कोथिंबीर चुरडून वास घेते, आणि भाजीवाली काही न बोलता जुडी पुढे करते.