अंडी कशी करू?

नमस्कार श्रोतेहो. आज ‘रिव्होल्युशनरी रोड’ या सिनेमाबद्दल बोलणार आहे. सिनेमा २००८चा, दिग्दर्शक सॅम मेंडिस. केट विन्सलेट आणि लिओनार्डो डिकाप्रिओ, म्हणजे ‘टायटॅनिक’मधली तीच जोडी, अकरा वर्षांनी इथं नवरा-बायको झाली आहे. मूळ कादंबरी रिचर्ड येट्स यांची, १९६१ सालची.

काळ १९५५. अमेरिकेतलं कनेटिकट. फ्रँक रोज आगगाडीनं न्यूयॉर्कला कामाला जातो, डोक्यावर सगळ्यांसारखीच हॅट. त्याच्या बायकोला, एप्रिलला, नटी व्हायचं होतं, ते जमलं नाही. ती म्हणते, पॅरिसला जाऊ, मी नोकरी करते. तो हो म्हणतो. मग त्याला बढती मिळण्याची चिन्हं दिसतात, तिला दिवस जातात आणि पॅरिस राहून जातं. मग भांडणं. रस्त्यात, घरात, पाहुण्यांसमोर. त्यांना घर मिळवून देणाऱ्या बाईंचा मनोरुग्णालयातून आलेला मुलगा तेवढा तोंडावर खरं बोलतो. मायकेल शॅननला त्या कामासाठी ऑस्करचं नामांकन होतं.

   

आता मला सांगायचंय ते. मी हा सिनेमा माझ्या आत्याबरोबर पाहिला. आत्याचं इंग्रजी जेमतेम. शेवटाकडे एक सकाळ येते. आदल्या दिवशी दोघांचं भयंकर भांडण झालेलं. फ्रँक दबकत स्वयंपाकघरात येतो. टेबल नीट मांडलेलं. एप्रिल शांतपणे विचारते, अंडी कशी करू? भांडण नाही, श्रोतेहो. आवाज चढलेला नाही. अंडी कशी करू, एवढंच. तो खूश होऊन ऑफिसातल्या नव्या यंत्राबद्दल सांगायला लागतो, कागदावर आकृती काढून दाखवतो. ती मन लावून ऐकते.

आत्या म्हणाली, “संपलं गं हिचं.”

मी म्हटलं, “अगं, उलट समेट झालाय. किती छान बोलतायत बघ.”

“समेट झाल्यावर बाई अशी विचारत नाही. थोडी फुगलेली असते. भांडी जरा आपटते.”

पुढं काय होतं ते सांगत नाही, तुम्ही बघा. पण आत्याचं बरोबर निघालं.

सिनेमा संपला, मी दिवा लावला. आत्या तशीच बसून होती. आम्हा भावंडांना एवढंच ठाऊक होतं की आत्या एका उन्हाळ्यात माहेरी आली ती परत गेलीच नाही. का, ते घरात कुणी बोललं नाही.

ती म्हणाली, “निघाले त्या सकाळी मी यांना विचारलं होतं, डब्यात भाजी कोरडी देऊ की रस्सा. नऊ वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.”

“मग? काय म्हणाले?”

“कोरडी म्हणाले. बटाट्याची केली. घडीच्या पोळ्या दिल्या. लोणचं वेगळ्या डबीत भरलं, पोळीला तेल लागू नये म्हणून.”