ग्रिलवरचा स्टार

संध्याकाळचे सात वाजलेत. ठाणे, चरई, आमची गल्ली. मासुंदा तलावाच्या बाजूने रिक्षांचे हॉर्न येतायत आणि दुसऱ्या मजल्यावर आमच्या गॅलरीच्या ग्रिलवर हा जो नाताळचा स्टार लटकतोय तो आता सुरू होईल. बघा हां. आधी मधला एकच ठिपका, मग पाचही टोकांकडे पांढरा उजेड सरकत जातो आणि गाण्यात घुमटावर, म्हणजे मातीच्या त्या वाद्यावर, पहिली थाप पडते बरोब्बर त्या क्षणाला अख्खा स्टार लाल.

यात लाईट किती असतील? 50. फक्त 50.

आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे नाताळला बांबूच्या कामट्यांचा स्टार असतो, वर जिलेटिन पेपर आणि आत 40 चा पिवळा बल्ब. सांगाडा अजून तोच आहे, बल्ब तेवढा काढला आणि कामट्यांवर पिक्सेलची, म्हणजे प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येतो अशा बारीक दिव्यांची, माळ बांधली. लोक विचारतात हे कॉम्प्युटरवरून कसं चालतं, आम्हाला जमेल का, किती खर्च येईल. जमेल. फक्त सुरुवात एका माळेने करा, पूर्ण बिल्डिंग डोक्यात घेऊन बसू नका.

आता थोडं मागे जाऊ. अमेरिकेत ओहायो राज्यात मेसन नावाचं गाव आहे, तिथे कार्सन विल्यम्स नावाच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरने आपलं घर गाण्यावर नाचवलं, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला आणि हा छंद घराघरात पोचला. त्याच्या घराला 88 चॅनल होते. चॅनल म्हणजे स्वतंत्रपणे चालूबंद किंवा कमीजास्त करता येणारा एक गट, म्हणजे हे झुडूप एक चॅनल, ती खिडकी दुसरा. गाणं तो छोट्या एफएम ट्रान्समीटरवरून सोडायचा, लोक गाडीत बसून रेडिओवर ऐकायचे, शेजाऱ्यांना त्रास नाही. पण गाड्यांची गर्दी इतकी वाढली की 2005 च्या डिसेंबरमध्ये त्याला शो बंद करावा लागला.

आणि आमचा स्टार? प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे, म्हणजे 50 गुणिले 3, 150 चॅनल. त्या गाजलेल्या घरापेक्षा जास्त, एका कामट्यांच्या स्टारमध्ये! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर झोपलो नव्हतो.

हे शक्य झालं ते पिक्सेलमधल्या चिपमुळे. माळ मागताना डब्ल्यूएस 2811 किंवा डब्ल्यूएस 2812 बी असं नाव सांगायचं. साध्या माळेत सगळे दिवे एकत्र पेटतात, इथे प्रत्येकाला वेगळा हुकूम. कसा, तर पंगतीत पत्रावळ्यांचा गठ्ठा पहिल्याच्या हातात देतात, तो वरची एक स्वतःला ठेवतो आणि उरलेला गठ्ठा पुढे सरकवतो, तसंच. पहिला पिक्सेल आपल्या वाट्याचे 24 बिट, म्हणजे आपल्या रंगाची माहिती, ठेवून घेतो, बाकीचे पुढच्याला देतो, आणि हे एका पिक्सेलला सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या तिप्पट वेळात होतं. म्हणूनच गठ्ठा एकाच दिशेने जातो. पहिल्या दिवशी मी माळ उलट्या टोकाने जोडली आणि दोन तास काहीच पेटेना. पिक्सेलवर बारीक बाण छापलेला असतो, तो आधी बघायचा. बाण नसेल तर डेटा इन, म्हणजे माहिती आत जाते ते टोक कुठलं आणि डेटा आऊट, म्हणजे बाहेर पडते ते कुठलं ते दुकानदाराला विचारूनच निघायचं.

सामान कुठे मिळतं? मी गेलो लॅमिंग्टन रोडला, ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड. 50 पिक्सेलची 5 व्होल्टची माळ, माळेला हुकूम देणारा एक ईएसपी 32 बोर्ड, 230 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा एक पॉवर सप्लाय, वायर, एवढंच. साध्या माळा बघायच्या तर लोहार चाळ आहेच, पण तिथे रंगीत उजेड बघून पाय निघत नाही आणि पाच पिशव्या घेऊन घरी येतो आपण. पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका असंच मी सांगेन.

आता करंट. इथे नीट ऐका. एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की 60 मिलीअँपिअरपर्यंत ओढतो असं धरायचं, म्हणजे 50 ला 3 अँपिअर. सप्लाय अगदी काठोकाठ घ्यायचा नाही, मी 5 अँपिअरचा घेतला. माळ किती खाते ते वॅटमध्ये बोलायचं तर 5 व्होल्ट गुणिले 3 अँपिअर, 15 वॅट. मम्मीला लाईट बिलाची काळजी होती, तिला सांगितलं की असे चार स्टार लावले तरी 60 वॅट, हॉलमधला जुना पंखा याहून जास्त खातो. रोज तीन तास धरले तरी पाव युनिटसुद्धा होत नाही.

पण कमी वॅट म्हणजे धोका नाही असं समजू नका. आपल्याकडे प्रत्येक गॅलरीला लोखंडी ग्रिल असते आणि आपण 230 व्होल्टच्या माळा सरळ तिच्यावर गुंडाळतो, कुठे वायर सोललेली, कुठे जॉइंटला नुसती चिकटपट्टी, आणि सकाळी कोणीतरी ओले कपडे वाळत घालायला त्याच ग्रिलला हात लावतं. मला हे बघवत नाही. म्हणून आमचा नियम एकच, 230 व्होल्ट खिडकीच्या आत. सप्लाय आत, प्लास्टिकच्या डब्यात, हवा खेळायला जागा ठेवून, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर, घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलेला. बाहेर ग्रिलवर जातात त्या फक्त 5 व्होल्टच्या तारा. सप्लायची 230 ची बाजू मी स्वतः जोडली नाही, वायरमन काकांना बोलावलं, आणि तुम्हीही तेच करा.

सगळं जोडून टेबलवर पेटवलं तर लाल मागितला की हिरवा यायचा. त्यात माळ खराब नसते, काही चिप आधी हिरवा मग लाल असा क्रम धरतात, सेटिंगमध्ये तो बदलला की झालं. मग पांढरा लावला तर सुरुवातीचे दिवे पांढरे आणि शेवटचे दहा-बारा तांबूस. बारीक तारेतून जाता जाता व्होल्टेज पडतं, निळ्या आणि हिरव्या दिव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, ते आधी मंदावतात, उरतो लाल. उपाय म्हणजे सप्लायमधून प्लस-मायनसची दुसरी जोडी माळेच्या शेवटच्या टोकाला द्यायची. शिवाय ब्राइटनेस 30 टक्क्यांवर आणला, गल्लीतून बघायला तेवढा पुरतो, समोरच्या आजींच्या डोळ्यांवरही येत नाही.

आणि लुकलुकणं! बोर्ड मोबाईलच्या चार्जरवर आणि माळ वेगळ्या सप्लायवर ठेवली होती, दोघांचे मायनस एकमेकांना जोडलेच नव्हते, त्यामुळे दिवे वेड्यासारखे फडफडत होते. एका तारेचं काम. ती तार सापडायला रविवार गेला.

बोर्डमध्ये डब्ल्यूएलईडी नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे. वायफायवर मोबाईलमधून रंग, इफेक्ट सगळं बदलता येतं, आणि खरं सांगतो, पहिल्या नाताळला एवढंच केलंत तरी खूप आहे. गाणं पाहिजे तर मग कॉम्प्युटरवर एक्सलाईट्स हे सॉफ्टवेअर, तेही फुकट. त्यात घराचा फोटो टाकायचा, त्यावर स्टार काढायचा, खाली गाण्याची लाट दिसते आणि प्रत्येक ठोक्याखाली इफेक्ट ठेवत जायचं. 25 मिलीसेकंदाची एक फ्रेम, सेकंदाला 40. इथे घाई करून चालत नाही. आमचं गाणं दोन मिनिटांचं, चुलतभावंडांनी घरात गायलेलं, काकांचं घुमट, आणि त्याला माझ्या तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. म्हणूनच सांगतो, नाताळ डिसेंबरमध्ये असला तरी माळ गणपतीच्या आसपास टेबलवर आलेली बरी. मागच्या वर्षी लॅपटॉप रोज चालू ठेवावा लागायचा, यंदा रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर फाल्कन प्लेअर हे सॉफ्टवेअर आहे, ते वेळ झाली की शो आपोआप सुरू करतं.

आवाजाचं काय? एफएमवर सोडायला आपल्याकडे परवाना लागतो, तो मार्ग नाही. एक छोटा स्पीकर खिडकीत ठेवलाय, गल्लीच्या कडेला उभं राहिलं तर ऐकू येईल इतपत. सोसायटीच्या कमिटीला आधी पत्र दिलं, खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन सांगितलं. आता खालची पोरं अर्ध्या तासाने विचारतात, परत कधी लागणार?

आज 24 तारीख. घरात कलकल, म्हणजे आमचा नाताळचा गोड फराळ, तळून डबे भरलेत, गोठा मांडून झालाय, बाळ येशूची जागा अजून रिकामी. दहाला स्पीकर बंद झाला, शो थांबला. सगळे तयार होऊन रात्रीच्या मिसाला निघालेत, चालत पाच मिनिटांवर सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. ग्रिलवर स्टार आता नाचत नाही, फक्त मंद पांढरा, 10 टक्क्यांवर, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू फिरतोय. आम्ही परत येईपर्यंत तो तसाच राहील, तसं टायमिंग लावलंय.