नर्सरीचे पहिले वर्ष आणि न थांबणारी सर्दी

नमस्कार. जूनच्या मध्यावर आपल्याकडे शाळा उघडतात, पाऊसही त्याच सुमारास सुरू होतो, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून माझ्या दवाखान्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येऊ लागतो : "डॉक्टर, घरी होता तोवर कधी आजारी पडला नाही, पण नर्सरीत घातल्यापासून धड असा नाहीच. त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का?" बाहेर वीस पेशंट ताटकळत असताना मी याचे उत्तर दोन वाक्यांत देऊन मोकळी होते, आणि ते दोन वाक्यांत मावत नाही हे मला ठाऊक असते. म्हणून आज ते सवडीने सांगते.

आधी हिशेब मांडू. घरीच असणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या निरोगी मुलालाही वर्षभरात सहा ते आठ वेळा सर्दी होते. पाळणाघरात किंवा नर्सरीत पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा आकडा दहा-बारापर्यंत जातो. एका सर्दीत नाक आठ-दहा दिवस वाहते आणि खोकला पुढे दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. दहा वेळा सर्दी आणि दर वेळी दहा दिवस धरले, तर शंभर दिवस झाले. त्यातले बहुतेक जून ते फेब्रुवारी या नऊ महिन्यांत येतात, म्हणजे त्या काळात दर तीन दिवसांतला एक दिवस मुलाचे नाक गळत असणार. पहिली सर्दी पुरती जाण्याआधीच दुसरी लागली, की घरच्यांना ती महिनाभर न हटलेली एकच सर्दी वाटते. बहुतेक वेळा ते दोन वेगळे विषाणू असतात.

सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. त्यांतल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत, आणि एकाशी ओळख झाली म्हणून दुसरा अडतोच असे नाही. आईकडून जन्मापूर्वी मिळालेली प्रतिपिंडे पहिल्या वाढदिवसापर्यंत जवळजवळ संपलेली असतात. त्यानंतर तीन-चार मोठ्या माणसांच्या घरात वाढलेल्या मुलाला विषाणू भेटतात तरी किती? मग एके दिवशी ते वीस मुलांच्या वर्गात जाऊन बसते, जिथे क्ले एकच असतो, घसरगुंडी एकच असते आणि एकाच्या तोंडातला ठोकळा पुढच्या मिनिटाला दुसऱ्याच्या तोंडात असतो. शरीराला जे शिकायचे असते त्याची सुरुवात इथून होते, आणि प्रत्येक धड्याला ताप, शेंबूड आणि रात्रीचे जागरण द्यावे लागते.

अमेरिकेतील टक्सन शहरात काही मुलांची जन्मापासून तेरा वर्षांपर्यंत नोंद ठेवली गेली. मोठ्या पाळणाघरांत जाणाऱ्या मुलांना दुसऱ्या वर्षी जास्त वेळा सर्दी झाली, पण सहा ते अकरा या वयात तीच मुले इतरांपेक्षा कमी वेळा आजारी पडली, आणि तेराव्या वर्षी दोन्ही गट सारखे झाले. म्हणून मूल मुद्दाम लवकर पाळणाघरात घाला, असे मी म्हणणार नाही. पण ज्यांना नोकरीपायी घालावेच लागते, त्यांनी स्वतःला अपराधी समजू नये.

आता हिरव्या शेंबडाकडे वळू, कारण आजीचा फोन आला की अँटिबायोटिकची मागणी हमखास इथूनच सुरू होते. संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक हिरवट रंगाचे द्रव्य असते, आणि सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाकाला तोच रंग येतो. रंगावरून जिवाणू ठरत नाही आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. सर्दी दहा दिवसांनंतरही तसूभर कमी झाली नाही, किंवा उतरलेला ताप पुन्हा जोरात चढला, तर मात्र दाखवायला या; तेव्हा कान आणि सायनस तपासावेच लागतात.

(दोन्ही हातांत एकेक बाटली धरून) या दोन बाटल्या पाहा. दोन्हींत पॅरासिटामॉलच आहे आणि दोन्ही औषधे गुलाबी आहेत, पण या बाटलीत पाच मिलिलिटरला 120 मिलिग्रॅम औषध आहे आणि या दुसरीत तेवढ्याच मापात 250. मुलाच्या वजनाच्या दर किलोला साधारण 15 मिलिग्रॅम हा एका वेळचा डोस धरला, तर बारा किलोच्या मुलाला 180 मिलिग्रॅम लागते. पहिल्या बाटलीतून ते साडेसात मिलिलिटर होते आणि दुसरीतून साडेतीनच्या किंचित वर. गेल्या वेळी अमुक एक झाकण दिले होते, हे लक्षात ठेवून नव्या बाटलीतून तेवढेच पाजले की घोटाळा होतो. लेबलावरचा आकडा वाचा, सिरिंजने मोजा, आणि दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ द्या.

खोकल्याच्या सिरपबद्दल मी जरा कडक आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात भेसळयुक्त सिरपमुळे मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली, त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते आणि वीसहून अधिक मुले दगावली. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, अशी सूचना काढली. भेसळ नसलेल्या सिरपनेही लहान मुलाचा खोकला फारसा कमी होत नाही. वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना चमचाभर मध द्या, नाकात सलाइनचे थेंब घाला. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचे बोटही चाटवू नका. नाकात तेल सोडणे, कापराची पुरचुंडी उशाशी ठेवणे आणि धुरी देणे हे तिन्ही बंद करा : तेल फुफ्फुसात उतरू शकते, कापूर पोटात गेला तर झटके येतात आणि धुराने खोकला वाढतो. दृष्ट मात्र खुशाल काढा, फक्त मिरच्यांचा धूर मुलापासून लांब ठेवा.

पावसाळ्यात हात, पाय आणि तोंड यांवर फोड येणारा आजार वर्गच्या वर्ग घरी बसवतो. अनेक घरांत त्याला कांजिण्या समजतात. तो बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातो. तोंडात फोड असतात म्हणून थंड ताक-भात आणि पेज द्यावी. पण काही मुलांत महिना-दीड महिन्यानंतर, सगळे विसरल्यावर, अंगठ्याचे नख मुळापासून सुटू लागते आणि आई घाबरून धावत येते. त्याखाली नवे नख तयार होत असते. ते ओढू नका.

मग काळजी कधी करायची? एका आईने मला हे न विचारताच दाखवले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरची पाने काढून तिने टेबलावर पसरली. तापाच्या तारखांना लाल गोल होते, आणि मूल नीट जेवले-खेळले त्या दिवशी पेन्सिलने बारीक टिक. मी गोल मोजलेच नाहीत, आधी टिका पाहिल्या. दोन आजारांच्या मध्ये मूल पूर्ण बरे होते, वजन वाढते आहे, दंगा करते आहे, तर आजारांची संख्या दहा असो की बारा, मला प्रतिकारशक्तीच्या तपासण्या कराव्याशा वाटत नाहीत. उलट वजन थांबले आहे, वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला आहे, किंवा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असून घरात कोणाला क्षयरोग झाला होता, तर संख्या तीन असली तरी मी थांबत नाही. दर वेळी सर्दीसोबत छातीतून शिटीसारखा आवाज येतो, ज्याला आपल्याकडे बाळदमा म्हणतात, त्याचे उपचार वेगळे आहेत, आणि पंप लावण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

रात्री दोन वाजता उपयोगी पडणारी एक गोष्ट आत्ताच शिकून घ्या. मूल झोपले असताना अंगातला सदरा वर करा आणि पोट किती वेळा वर येते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात ताप उतरल्यावरही ते चाळीस किंवा त्याहून जास्त भरले, तर सकाळी लवकर दाखवा. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा मूल हाका मारूनही सुस्त पडून राहिले असेल, तर सकाळचीही वाट पाहू नका.

शेवटी शाळेचा प्रश्न. नुसते नाक वाहत असेल आणि मूल खेळत असेल, तर पाठवायला हरकत नाही, नाहीतर ते वर्षभर घरीच राहील. ताप असेल तर औषधाशिवाय चोवीस तास ताप न येता गेल्यावरच पाठवा. सकाळी आठला पॅरासिटामॉल पाजून सोडलेले मूल बारा-एकच्या सुमारास बाईंच्या मांडीवर तापलेले सापडते, हे प्रत्येक नर्सरीला माहीत आहे. त्या आईची सुट्टी संपलेली असते, हे मलाही माहीत आहे. म्हणून जूनमध्ये प्रवेशाची फी भरतानाच, पहिल्या सहा महिन्यांत कोणाची रजा कोणत्या आठवड्यात वापरायची, हे नवरा-बायकोने आणि जमल्यास आजी-आजोबांनी एकत्र बसून ठरवा, आणि आजी-आजोबांनी फ्लूची लस आधी घेऊन ठेवा, कारण नातवाची सर्दी पुढच्या तीन दिवसांत त्यांच्याकडे येते.