फॉर्म भरताना ट्रेड कोणता घ्यायचा?

(सैन्यभरती मार्गदर्शन मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलांनो आणि पालक मंडळींनो, सोळाशे मीटर धावण्याचा सराव तुमचे प्रशिक्षक करून घेतातच. मला बोलायचंय ते अग्निवीरच्या फॉर्मवर ट्रेड, म्हणजे सैन्यातल्या कामाचा प्रकार, निवडायच्या रकान्याबद्दल. आपल्याकडे तो घाईत भरला जातो. ‘जीडी टाक, जागा जास्त असतात.’ जीडी म्हणजे जनरल ड्युटी, सर्वसाधारण सैनिकाचं काम. तिथं जागा जास्त असतात, हे खरंच आहे. पण तुम्ही पुढं कुठं शिकायला जाल, कोणते कोर्स मिळतील, बाहेर पडताना हातात कुठला कागद असेल, हे बरंचसं तिथंच ठरून जातं.

सैन्यात कोर्स नुसता मागून मिळत नाही. युनिटला कोर्सची व्हॅकन्सी, म्हणजे जागा, येते आणि ती बहुतेक वेळा ट्रेड बघून येते. ईएमईचा, म्हणजे सैन्याची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचा मेकॅनिक सिकंदराबादला इंजिन खोलायला शिकतो. बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे इंजिनिअर दलाचा जवान खडकीला पूल बांधायला शिकतो, सिग्नलवाला जबलपूरला संदेशवहनाचं काम शिकतो. हीच मुलं पुढं वरच्या कोर्सला त्याच वाटेनं जातात. मध्येच ‘मला दुसरा ट्रेड द्या’ म्हटलं, तर ते सोपं नसतं.

याचा अर्थ जीडीत जाऊ नका, असा मुळीच नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीत जायचं स्वप्न ज्यानं लहानपणापासून बघितलंय, त्यानं तिथंच जावं. इन्फन्ट्रीच्या, म्हणजे पायदळाच्या जवानासाठी महूच्या इन्फन्ट्री स्कूलचे वेपन कोर्स आहेत, बेळगावचा कमांडो कोर्स आहे, पुण्यात आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंग आहे. पण तिथं नाव लागायला मेडिकल कॅटेगरी शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, हवी, फायरिंग चांगलं हवं आणि कमांडिंग ऑफिसरच्या नजरेत तुमचं काम भरलेलं हवं. शिवाय हेही समजून घ्या, की कमांडो बिल्ल्याला बाहेर मान मिळतो, पण त्याच्या जोरावर कारखान्यात फिटरची जागा मिळत नाही.

पूर्वी हे निभावून जायचं. दहावी पास जवानानं पंधरा वर्षं सेवा केली, की सरकारी गट ‘क’च्या ज्या पदांना पदवी लागते पण तांत्रिक अनुभवाची अट नसते, तिथं तो पात्र धरला जायचा. ती सोय आजही आहे. पण 2022 पासून अग्निपथ आलं. चार वर्षं सेवा, आणि पुढं कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांनी पंधरा वर्षं कुठून आणायची? म्हणून चार वर्षांत काय शिकलात, याला आता फार किंमत आली आहे. अग्निवीरांसाठी इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची, तीन वर्षांची पदवी आहे, तिचे निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणातून धरले जातात. उरलेला निम्मा अभ्यास मात्र तुम्हालाच करायचाय, ड्युटी सांभाळून. तो करा. मी हे अगदी पोटतिडकीनं सांगतोय.

आणि एक काम कधीही दुसऱ्यावर सोडू नका. कोर्स पास होऊन युनिटला परत आलात, की निकाल पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदी चढवणाऱ्या आदेशात, निघाला का, ते क्लर्ककडं जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नंबर, तारीख, ग्रेडिंग, सगळं वाचा. घाम गाळून केलेला कोर्स रेकॉर्डवर चढला नाही, तर बढतीच्या वेळी तो दाखवायचा कसा? प्रमाणपत्राची एक प्रत घरी पाठवून द्या.

पालकांसाठी थोडं. टेक्निकलसाठी बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि इंग्रजी लागतं. नर्सिंग असिस्टंटला बायॉलॉजी. क्लर्कला शाखा कुठलीही चालते, पण टक्के चांगले हवेत. म्हणजे मुलाच्या ट्रेडचा विचार दहावीच्या निकालाच्या दिवशीच करायला हवा, भरतीची जाहिरात आल्यावर नाही. आणि ज्यांची बारावी सायन्स नाही, त्यांनी निराश होऊ नका. दहावीनंतर ठरावीक ट्रेडमधला दोन वर्षांचा आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यालाही गुणांची अट पुरी होत असेल, तर टेक्निकलचा दरवाजा उघडा आहे. कितीतरी मुलांना हे ठाऊकच नसतं. हातात आयटीआयचं प्रमाणपत्र असून ती जीडीचा फॉर्म भरतात. तुमच्यात अशी जी मुलं असतील, त्यांनी आता जाऊ नका. गुणपत्रिका घेऊन इथं टेबलाशी या, आपण एकेकाची बघू.