‘चायना माल’ची नवी ओळख

सन 2005. एडीएसी या जर्मनीतील वाहनचालकांच्या संघटनेने लँडविंड नावाची एक चिनी गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिली. बॉनेटपाठोपाठ चालकाची बसण्याची जागाही चेपली गेली आणि अशा धडकेत चालक वाचला नसता, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. ‘चायना माल आहे, टिकणार नाही’ असे आपल्याकडेही सहज म्हटले जाते. त्या चाचणीने या समजावर जणू शिक्काच मारला.

त्यानंतर 17 वर्षांनी, 2022 मध्ये, बीवायडी या चिनी कंपनीच्या ॲटो 3 या विजेवरील गाडीला युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपीय संस्थेच्या चाचणीत पाचपैकी पाच तारे मिळाले.

हा बदल स्वस्त मजुरीने घडला, असे म्हणून विषय संपवता येत नाही. मजुरी स्वस्त असली की वस्तू स्वस्त होते. ती चांगली होण्यासाठी कारखान्यात वर्षानुवर्षे काम करून हात बसावा लागतो. सरकारी अनुदानाचा वाटाही मोठा आहे, हे मान्यच केले पाहिजे; पण केवळ अनुदानाने बॅटरी सुरक्षित होत नाही. बीवायडीने 2020 मध्ये आपली ‘ब्लेड’ बॅटरी जगासमोर आणली, तेव्हा तिच्यात आरपार खिळा ठोकून दाखवला. चाचणी कंपनीचीच होती, हे लक्षात ठेवूनही ते दृश्य पाहण्यासारखे आहे: धूर नाही, ज्वाळा नाही, आणि बॅटरीवर फोडून ठेवलेले कच्चे अंडे शिजलेदेखील नाही.

या बॅटरीत वापरलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाची कथा मात्र चीनमध्ये सुरू होत नाही. ते बॅटरीसाठी उपयोगी आहे, हे 1990 च्या दशकात अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. त्यावर आधारित बॅटऱ्या बनवणाऱ्या ए123 सिस्टिम्स या मॅसॅच्युसेट्समधील कंपनीला अमेरिकी सरकारने 2009 मध्ये 24 कोटी 90 लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले होते. तरीही 2012 मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि तिचा बहुतांश कारभार वानशिआंग या चिनी उद्योगसमूहाने विकत घेतला. शोध पश्चिमेचा होता, पण तो रोजच्या उत्पादनात मुरवण्याचे काम चीनने केले.

हे मुरवणे किती कठीण असते, ते स्वीडनच्या उत्तरेकडील शेलेफ्टिओ येथे दिसले. बॅटरीचा सेल बनवताना तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्यावर रसायनाचा लेप सर्वत्र सारख्याच जाडीचा बसवावा लागतो. हवेतील ओलावा किंवा धातूचा एखादा कण आत गेला, तरी सेल बाद होऊ शकतो. युरोपची मोठी आशा मानल्या गेलेल्या तेथील नॉर्थव्होल्ट कंपनीला असे निर्दोष सेल पुरेशा संख्येने आणि वेळेवर देणे जमले नाही. बीएमडब्ल्यूने 2024 मध्ये तिच्याकडे नोंदवलेली दोन अब्ज युरोंची ऑर्डर रद्द केली आणि मार्च 2025 मध्ये नॉर्थव्होल्टने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

फोक्सवॅगनने 1984 मध्ये शांघायमध्ये भागीदारीचा करार केला, तेव्हा शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, याविषयी शंका नव्हती. त्याच फोक्सवॅगनने 2023 मध्ये चिनी बाजारासाठीच्या विजेवरील गाड्या विकसित करण्याकरिता एक्सपेंग या तरुण चिनी कंपनीत सुमारे 70 कोटी डॉलर गुंतवण्याचे ठरवले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस, 2030 पर्यंत जर्मनीतील 35 हजारांहून अधिक जागा कमी करण्याचा समझोता फोक्सवॅगनने कामगार संघटनेशी केला.

युरोपीय संघाने ऑक्टोबर 2024 मध्ये चीनमध्ये बनलेल्या विजेवरील गाड्यांवर 35.3 टक्क्यांपर्यंत जादा शुल्क लावले. शुल्काने उसंत मिळते. लेप सारखा बसवणारे हात मात्र कारखान्यातच घडतात, आणि तसे कारखाने आता युरोपात चिनी कंपन्याही उभारत आहेत.

त्यांपैकी एक जर्मनीतील अर्नश्टाटजवळ आहे. तेथे सीएटीएल या चिनी कंपनीने डिसेंबर 2022 मध्ये सेलचे उत्पादन सुरू केले. या प्रकल्पातील एक इमारत पूर्वी सोलरवर्ल्ड या जर्मन कंपनीची होती. ती कंपनी सौरपॅनेल बनवत असे, आणि चिनी पॅनेलच्या स्पर्धेत टिकाव न लागल्याने 2017 मध्ये तिने दिवाळखोरी पत्करली होती.