एकाच दिवशी दोन मते : सातारा, २०१९

२१ ऑक्टोबर २०१९ रोजी सातारा लोकसभा मतदारसंघातील मतदार विधानसभेसाठी केंद्रावर आले, तेव्हा त्यांना लोकसभेसाठीही मत द्यायचे होते. मे महिन्यात राष्ट्रवादी काँग्रेसचे खासदार म्हणून निवडून आलेल्या उदयनराजे भोसले यांनी राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षात प्रवेश केला होता आणि त्यांच्या रिक्त जागेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच ठेवण्यात आली होती.

या निवडणुकीची चर्चा बहुधा शरद पवारांच्या पावसातल्या सभेवर येऊन थांबते. ती सभा मतदानाच्या तीन दिवस आधीची आणि साताऱ्यातलीच असल्याने ते स्वाभाविक आहे. पण राज्यशास्त्राच्या दृष्टीने या निकालाचे मोल वेगळ्या कारणासाठी आहे.

लोकसभेला राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील ८७,७१७ मतांनी विजयी झाले. विधानसभेत मात्र वाई, कराड उत्तर आणि कराड दक्षिण या जागा काँग्रेस–राष्ट्रवादी आघाडीला मिळाल्या, तर सातारा, कोरेगाव आणि पाटण या जागा भाजप–शिवसेना युतीने जिंकल्या.

लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घेण्यासाठीचे १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले. त्याचे टीकाकार म्हणतात की, मतदान एकाच दिवशी झाले तर राष्ट्रीय लाट स्थानिक प्रश्नांना झाकून टाकेल. आयडीएफसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासाने, एकत्र निवडणुकीत मतदार दोन्हीकडे एकाच पक्षाला मत देण्याची शक्यता सरासरी ७७ टक्के असल्याचे मांडले होते. साताऱ्याचा निकाल या सरासरीत सहजासहजी बसत नाही. तरीही त्यावरून सरासरीच खोटी ठरली, असे म्हणणे घाईचे होईल, कारण पोटनिवडणुकीत पंतप्रधान निवडायचा नव्हता आणि पक्षांतराचा प्रश्न ऐरणीवर होता.

आणखी एक अडचण अधिक खोल आहे. लोकसभेला आघाडी पुढे राहिली आणि कोरेगावात शिवसेना जिंकली, म्हणून त्याच माणसांनी मते विभागून दिली, असा निष्कर्ष निघत नाही. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीचे वर्तन ठरवण्यातील धोका रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्येच दाखवून दिला होता. मतदान गुप्त असते, त्यामुळे ही अडचण पूर्णपणे कधीच सुटणार नाही. ती कमी मात्र करता येते. निवडणूक यंत्रणेच्या फॉर्म २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावरील उमेदवारनिहाय मते नोंदलेली असतात. एकाच केंद्राची लोकसभेची आणि विधानसभेची आकडेवारी शेजारी ठेवली, तर दोन्हीकडील मतांत निदान किती फरक पडला, हे गावपातळीवर मोजता येते. सातारा आणि कराडच्या महाविद्यालयांतील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गावांची, गटांची आणि सहकारी कारखान्यांच्या राजकारणाची जी माहिती असते, ती दिल्लीतल्या विश्लेषकाकडे नसते; म्हणून हे काम त्यांच्या हातून व्हायला हवे, आणि ते विधेयकावर निर्णय होण्याआधी व्हायला हवे.